बर्फावर सहा पोती मीठ

चहा घ्या, गार होतोय. आणि हसायचं असेल तर मोकळेपणानं हसा, गाढवपणा माझाच आहे. मी हर्णैचा रफीक, वय सत्तेचाळीस, धंदा एसी मेकॅनिक. तर या शहाण्या माणसानं रियाधमध्ये, कॉलेजांच्या आइस हॉकीच्या फायनलच्या दिवशी सकाळी, मैदानावर सहा पोती मीठ ओतलं. खडेमीठ! एकेक पोतं पंचवीस किलोचं!

का ओतलं? अहो, चांगल्या हेतूनं!

रियाधमध्ये कसली आइस हॉकी, असं विचारू नका. बाहेर माणूस भाजून निघत असला तरी हॉलच्या आत बर्फाचं मैदान असतं, आणि कॅनडात हा खेळ शिकून आलेली पोरं त्यावर काठ्या घेऊन धावत असतात. कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. कॉलेजं फोनवर भरत होती. ही स्पर्धा दोनदा पुढे ढकलली गेली आणि शेवटी एकदाची ठरली. प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत. घरचे लोक फोनवर बघणार.

त्या हॉलची देखभाल आमच्या कंपनीकडे. एसीला मी, विजेला सुभाष. सुभाष कराडचा. कामगारांच्या कॅम्पात आम्ही सहा वर्षं एकाच खोलीत. खोलीत खाटा सहा, पण चौघं घरी गेलेले, म्हणजे उरलो दोघंच. सुभाष हा दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा माणूस. आणि मी कसा, ते तुम्ही बघताच आहात.

तेव्हा कॅम्पात यादी लागायची. यादीत नाव आलं की फायनल एक्झिट. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, जमा करा, बॅग भरा, खलास. रोज सकाळी माणसं नोटीस बोर्डासमोर अंतर ठेवून उभी राहायची आणि एकेक जण पुढे जाऊन बोट फिरवायचा. इतका मोठा घोळका आणि कुणी बोलत नाही, असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. माझ्या हर्णैच्या घराचं छप्पर आदल्या वर्षीच्या वादळानं नेलेलं, वर ताडपत्री घातलेली. बायको फोनवर म्हणायची, "काळजी करू नका, आम्ही मजेत आहोत." मागून ताडपत्री फडफडलेली ऐकू यायची. सांगा, अशा वेळी माझं नाव यादीत येऊन चाललं असतं?

त्यात आमच्या सुपरवायझरनं, बिजू सरांनी, सांगितलं की हॉलवर फार तर एक माणूस राहील. बर्फ राखणारा फिलिपिनो डॅनी सुट्टीवर गेला होता आणि विमानं बंद झाल्यामुळे तिकडेच अडकला होता. मी संधी सोडतो काय?

"सर, बर्फ में तो मैं पैदा हुआ हूँ!"

खोटं नाही हो पूर्ण! माझ्या मामूंचा बंदरावर बर्फाचा कारखाना. गल्फला येण्याआधी चार वर्षं मी तिथं लाद्या ओढल्या. बर्फ तो बर्फ! माशाचा काय आणि हॉकीचा काय?

दोन दिवसांनी यादी लागली. माझं नाव नाही, सुभाषचंही नाही! माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मी खोलीत जाऊन ऐटीत सांगितलं, "सुभाष, माझ्या जिभेमुळे वाचलास हो!"

"बरं," सुभाष म्हणाला आणि भाजी चिरायला बसला.

खरं सांगायचं तर काम सुभाषच करायचा. डॅनीच्या मागं दोन वर्षं फिरून त्यानं सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. पाणी किती कोमट, थर किती पातळ, बर्फ तासणारी गाडी कोणत्या बाजूनं फिरवायची, सगळं. मी पाण्याचा पाइप ओढायचो. पण साहेब लोक आले की माहिती द्यायला पुढे कोण? मी!

तर फायनलचा दिवस. आदल्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस येऊन सांगून गेला होता, आत माणसं असतील तोवर दारं उघडी ठेवा, ताजी हवा आली पाहिजे. ताजी हवा! रियाधची! त्यात दोन कॉम्प्रेसरपैकी एक रडतखडत चाललेला. सकाळी बघतो तर बर्फाला घाम फुटलेला, बुटाची टाच रुतत होती. मॅच दुपारच्या नमाजनंतर.

सुभाषला नेमकं सात वाजता नाकाच्या टेस्टला जायचं होतं. माझी आदल्या दिवशीच झाली होती. निघताना तो म्हणाला, "कशाला हात लावू नको. मी येतो. मग दारं बघू."

त्या दिवसाचा त्याचा सगळा कोटा तिथंच संपला असणार, आणि मी तोच वाया घालवला.

कारण तो गेला आणि बिजू सरांचा फोन आला. "रफीक, बर्फ कैसा है?"

"एकदम फर्स्ट क्लास, सर!"

"देखो, आज मॅच रुका तो तुम दोनों पहला फ्लाइट में."

मी बर्फाकडे बघतोय, बर्फ माझ्याकडे बघून घाम गाळतोय. सुभाष कधी येणार पत्ता नाही. आणि मला एकदम मामू आठवले! बोट चार-पाच दिवसांसाठी निघाली की ते बर्फाच्या चुऱ्यावर मूठ मूठ खडेमीठ मारायला लावायचे. म्हणायचे, "मीठ मारलं की बर्फाला थंडी चढते." कुल्फीवाला दुसरं काय करतो हो?

आता मीठ कुठून आणायचं? अहो, तिथंच! हॉलच्या मागं पाणी मऊ करायचं मशीन असतं, त्याला मीठच लागतं. पोत्यांची थप्पी रचलेली.

मी काही अगदी अडाणी नाही. आधी एका कोपऱ्यात टाकून पाहिलं. पाच मिनिटांनी एसीवाल्यांचं तापमान बघायचं पिस्तूल लावलं. आधी शून्य होतं, आता उणे आठ! उणे आठ! मी तिथंच नाचलो, घसरून पडलो आणि उठून परत नाचलो. आकड्याचा फोटो बिजू सरांना पाठवला. सरांचं लगेच उत्तर, "व्हेरी गुड रफीक!"

मग काय, शेतात खत फेकतात तसं दोन्ही हातांनी सगळ्या मैदानावर फेकत सुटलो. एक पोतं, दुसरं पोतं... सहावं झालं तेव्हा पाठ मोडली होती, पण मन भरून आलं होतं. मनात म्हटलं, मामू, तुमच्या भाच्यानं रियाधमध्ये नाव काढलं.

आणि जाऊन चहा पीत बसलो.

पाऊण तासानं आत आलो. पहिलं पाऊल टाकलं, तर पचक! दुसरं टाकलं, पचक! सगळ्या मैदानावर घोट्याला लागेल असा लगदा, वर पाणी, खाली खड्डे. बर्फाखाली रंगवलेली लाल वर्तुळं पाण्यातून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. पिस्तूल लावलं. उणे नऊ. पाणीसुद्धा उणे नऊ!

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मीठ टाकलं की गारवा चढतो तो बर्फ वितळूनच. बोटीत बर्फाचं पाणी झालं तर बिघडतंय कुणाचं? मासा थंड राहिला की झालं. माशाला त्यावर स्केटिंग करायचं नसतं!

तेवढ्यात सुभाष आला. टेस्टमुळे नाक लाल, डोळ्यांत पाणी.

"रफीक, हे काय?"

"मीठ."

"कसलं मीठ?"

"मशीनचं. बर्फाला थंडी चढावी म्हणून..."

"किती?"

"सहा."

"सहा मुठी?"

"पोती."

सुभाष खेळाडूंच्या बाकावर बसला. मास्क काढला, परत लावला. मला वाटलं आता उठून थोबाडीत देणार. द्यायलाच पाहिजे होती. पण तो उठला, बर्फ तासणारी गाडी सुरू केली आणि म्हणाला, "फावडं घे."

तीन वेळा तासलं. मी कडेकडेनं लगदा ओढून बाहेर वाळूत टाकत होतो. रियाधच्या उन्हात बर्फाचा ढीग, आणि गार्ड त्याचे फोटो काढतोय! तेवढ्यात टीमच्या बसेस आल्या. एका कॉलेजचा कॅप्टन, नासिर, आत डोकावला. "एश हादा, सदीक?" हे काय आहे मित्रा, म्हणून.

मी हात जोडले. म्हटलं, सदीक, मीठ. माझी चूक.

त्याचं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष. ही फायनल गेली तर परत खेळणं नाही. पोरगा ओरडला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. त्यानं मैदानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मागं वळून आपल्या टीमला म्हणाला, "यल्ला!" चला, म्हणून. दोन्ही कॉलेजांची पोरं हाताला लागतील ती फावडी घेऊन अंतर ठेवून ओळीत उभी राहिली. मला तिथंच रडू आलं. मास्क असल्याचा तेवढा एक फायदा.

मग सुभाषनं सगळ्यांना परत बसमध्ये पाठवलं आणि दारं बंद केली. म्हणाला, "आत माणूसच नसला तर ताजी हवा कुणाला?" थरावर थर पाणी मारत गेलो. तो गाडीवर, मी पाइपवर. एक शब्द बोललो नाही मी! मॅच असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर सुरू झाली. रिकाम्या हॉलमध्ये नुसता काठ्यांचा आवाज. एक कोपरा शेवटपर्यंत मऊच राहिला. अखेरच्या मिनिटाला समोरच्यांची चकती सरळ गोलकडे जायची, ती त्या कोपऱ्यात चिखलात म्हैस बसावी तशी बसली, आणि नासिरची टीम एका गोलनं जिंकली. दुसऱ्या टीमची मी आजही मनातल्या मनात माफी मागतो.

मॅच संपली आणि बिजू सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"नमक किसने डाला?"

"सर, मी..." सुभाषनं तोंड उघडलं. हो, सुभाषनं! मी त्याला अडवलं आणि दुपारभर मनात घोकलेलं भाषण सुरू केलं. सर, मीठ मी टाकलं. मला हे बर्फाचं काम येत नाही. मी नोकरीसाठी बढाई मारली. मला घरी पाठवा, पण माझ्यासोबत याला काढू नका, हा माझ्यामुळे राहिलाय...

बोलताना मला ताडपत्री दिसत होती. पण खोटं कशाला सांगू, आतून थोडं बरंही वाटत होतं. म्हटलं, रफीक, मूर्ख असशील, पण मनानं मोठा आहेस.

बिजू सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमको बर्फ नहीं आता, ये मुझे पहले दिन से मालूम है."

"मग यादी, सर?"

"लिस्ट में तुम्हारा नाम था. सुभाष का कभी नहीं था. डॅनी बोलके गया था, बर्फ का काम सिर्फ सुभाष जानता. फिर ये मेरे पास आया. बोला, रफीक को भेजना है तो मुझे भी भेजो. मैं पूछा, उसको क्या काम आता है?"

मी सुभाषकडे पाहिलं. तो पायाखालच्या फरशीकडे बघत होता.

"क्या बोला, सर?"

"बोला, सर, वो बोलता है."

बोलता है! झाली माझी सगळी लायकी! पण मग हळूहळू मला आठवलं. पहिल्या लॉकडाउनमध्ये सुभाषचे वडील गेले. विमानं बंद. त्यानं वडिलांना अग्नी दिलेला फोनच्या काचेत पाहिला आणि मग तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला काय करावं कळेना. मला येतं काय? बोलणं. मी तीन दिवस बोलत राहिलो. बंदर, बोटी, मामू, मामूंचं त्यांच्या बकरीशी झालेलं भांडण, काय वाटेल ते. नंतर माझी मलाच लाज वाटली होती. माणूस दुःखात आणि याची बडबड! मी त्याची माफीसुद्धा मागितली होती. तो तेव्हाही "बरं" एवढंच म्हणाला होता.

बिजू सरांनी हात हलवून आम्हाला घालवून दिलं. कुणालाच काढलं नाही.

कॅम्पाच्या बसमध्ये एकाआड एक सीटवर पट्ट्या लावलेल्या असायच्या. तो खिडकीशी, मधली सीट रिकामी, मी इकडे. बस सुटली. मी गप्प. सिग्नल गेला, पेट्रोल पंप गेला, मी गप्प. बोलू काय? ज्याला इतके महिने "माझ्यामुळे वाचलास" म्हणून ऐकवत होतो, त्याच्यापुढे तोंड कसं उघडायचं?

सुभाषनं दोनदा वळून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा मास्क खाली ओढला.

"आरं, बोल की लेका!" तो म्हणाला. "पगार कशाचा घेतोस?"