गोदीला विचारलं ते कोल्हापुरात

अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून आम्ही दोघं भावंडं वाईहून निघालो. खरं कारण वेगळं होतं. माझी धाकटी विधवा बहीण गोदी गरोदर होती, आणि कोल्हापुरात एक सुईण औषध देते असं आईच्या कानावर आलं होतं.

वाठारपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. दशम्या भरपूर घ्याव्यात. मिरजेला गाडी बदलताना फार खोळंबा होतो. गोदीने एकही खाल्ली नाही. मी वकिलाकडे कारकून. गर्भ पाडणारीला आणि औषध देणारीला तुरुंग, हे मला पाठ. शास्त्रात ते महापाप, हे आमच्या गुरुजींना पाठ. पण मूल झालं तर तेच गुरुजी आम्हाला वाळीत टाकणार. ज्याचं मूल, तो मात्र पंगतीत खुशाल तूप वाढत होता. याचा मला मनस्वी राग येई.

कोल्हापूर स्टेशनावर टांगेवाला दोन आणे मागतो, एकावर येतो. शहर पाहून जीव सुखावतो. तळ्याची हवा गार, माणसं मोठ्याने बोलणारी. मंगळवार पेठेत पत्ता विचारला तर सगळी गल्ली उत्तर देते.

सुईण मुसलमान, सगळे तिला खाला म्हणत. मी औषधाचं बोललो. तिने मला बाजूला बसवलं आणि गोदीला विचारलं, "ह्यो न्हवं, तू सांग पोरी. तुला काय पायजे?"

घरी एवढी खलबतं झाली, पण हे कुणी विचारलं नव्हतं. गोदी खूप रडली. मग म्हणाली, "मला मूल हवंय."

मी खालाला विचारलं, ही नको म्हणाली असती तर?

"तवा बी हिचा हात सोडला नसता, पावणं. कायदा हाय, अल्ला हाय, तुमचा द्येव बी हाय की. पर जीव हिचा हाय."

मागच्या खोलीत कोरी मडकी होती. आमच्यासारख्या घरच्या बायकांनी आपल्या हातचं शिजवून खावं म्हणून ती आणून ठेवते. तिने कुणाचा धर्म बाटवला नाही, आपलाही सोडला नाही. माझे हात आपोआप जोडले गेले. त्या दिवशी गोदी पोटभर जेवली.

गोदीला मूल हवंय, ती तिथेच राहील, असं मी पत्राने घरी कळवलं. परतलो तर आईने मला दारातच थांबवलं. सुतकाच्या अंघोळीचं पाणी काढलं होतं. गोदी पटकीने गेली असं शेजारणींना सांगून झालं होतं. त्या ओसरीवर डोळे पुसत होत्या. कोल्हापूर पाहून आल्यावर माझ्याने खोटं बोलवेना.

"गोदी जिवंत आहे," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "श्रावणात तिला मूल होईल."

आईने पाणी अंगणात ओतून दिलं आणि कुणाकडे न बघता आत गेली. थोड्या वेळाने आतून दुपट्यांसाठी जुनं लुगडं फाडल्याचा आवाज आला.