मामांचं ‘गलबत’

माझ्या बायकोच्या मामांइतका निरुपयोगी गुरू मालवणात दुसरा झाला नाही, आणि निरुपयोगी असूनही इतका छळणारा तर साऱ्या कोकणपट्टीत झाला नसेल. मुंबईच्या कुठल्याशा बॅले कंपनीत त्यांनी पंधरा वर्षं काढली होती. काढली म्हणजे नाचून नव्हे. नाच बसवणारा बडा माणूस नाच बसवून निघून जाई; त्याची पावलं मागे जशीच्या तशी घोटून घ्यायची, एवढंच मामांचं काम. अठरा नर्तकांची अठरा कामं त्यांना पाठ आणि स्वतःचं असं एकही नाही. “मामानू, तुमी स्वता कधी नाचलास?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “नाचणारे शंभर गावतत रे. नाचवणारो एक गावता.” तो एक नेमका आमच्याच वाट्याला का यावा, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

कंपनी बुडाली तसे ते गावी परतले, माझ्या सासुरवाडीच्या पडवीत राहू लागले आणि दिसेल त्याची चाल सुधारू लागले. बाजारात डोक्यावर पाटी घेऊन निघालेल्या मासेवालीला त्यांनी “टाच आदी टेकव गो!” म्हणून भर रस्त्यात थांबवलं होतं. तिने दिलेलं उत्तर छापण्यासारखं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात, सप्तपदी चालू असताना, तांदळाच्या पाचव्या राशीपाशी मागून आवाज आला, “पावल कच्चां पडलां. परत घे!” भटजी मंत्र थांबवून बघत राहिले, आणि मी, गाढव, परत घेतलं.

अशा माणसाला आमच्या नृत्यमंडळाने मास्तर नेमलं. मी मंडळाचा सचिव, तेव्हा पापात वाटा माझाही. पोस्टातला कारकून, बालवाडीच्या दोन बाई, किनाऱ्यावर जाळी ओढणारे तारकर्लीचे चार रापणकर आणि एक शिंपी, असा आमचा संच. दर रविवारी सकाळी सुंभाच्या एका रिकाम्या वखारीत तालीम चाले. वखारीच्या ऐन मध्यावर फणसाचा जाडजूड खांब होता. मामा हातातली काठी त्या खांबावर आपटत आणि ‘गलबत’ नावाचा मुंबईचा बॅले आमच्या गळी उतरवत. बालवाडीच्या बाई जरा दमल्या की मामा म्हणत, “म्हस चिखलातसून येता, तशी येव नको!” दोन वर्षं हे चाललं आणि दोन्ही वर्षं आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेत शेवटून पहिले आलो. तिसऱ्या वर्षी आमच्या समितीने ठरवलं, यंदा नंबर नाही तर मास्तर बदलायचा. हे मामांना मीच सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, सांगताना बरं वाटलं होतं. ते काठी उचलून तालमीला लागले. त्या वखारीखेरीज त्यांना जायला दुसरी जागा नव्हती.

ओरोस तेव्हा नव्याने जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं; आधीची दोन्ही वर्षं स्पर्धा मालवणातच, मधोमध खांब असलेल्या मांडवात झाली होती. आमची एसटी वाटेत बंद पडली, पोचलो ते थेट मंडपातच. दुपारची वेळ, समोर तुडुंब गर्दी. पडदा वर गेला, जोड्या आत शिरल्या, आणि पहिल्याच गिरकीला पोस्टाचा कारकून शिंप्यावर आदळला. एक बाई चालत चालत रंगमंचाच्या पार कडेला गेल्या. मला कळेना, झालं काय. विंगेत माझ्या शेजारी मामा पुटपुटले, “खांब खंय आसा?” तेव्हा डोक्यात उजेड पडला. तीन वर्षं आमच्या लोकांनी खांबाला खांदा आला की वळायचं, एवढंच शिकून ठेवलं होतं. इथे खांबच नव्हता.

लोक शिट्ट्या मारू लागले. मामांनी काठी माझ्या हातात दिली आणि जन्मात पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर रंगमंचावर पाय ठेवला. सरळ मध्यावर जाऊन, हात आडवे पसरून उभे राहिले. “माज्या भोवती नाचा,” एवढंच म्हणाले. आणि काय सांगू, गलबत चालू लागलं! रापणकर वल्ही मारत त्यांच्या खांद्याशी वळत होते, बाई लाटा होऊन त्यांच्या पायाशी फुटत होत्या. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, “डोलकाठी बरी केल्यानी हां!” मी मात्र अगदी जवळ होतो. डोलकाठीचे ओठ पांढरे पडले होते. त्या माणसाला प्रेक्षकांची भयंकर भीती वाटत होती. सगळा जन्म ते पडद्याआड का राहिले, ते मला त्या वीस मिनिटांत समजलं.

नंबर आला नाही. परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं, ‘मध्यभागी एक वृद्ध गृहस्थ विनाकारण उभे होते.’

पुढच्या रविवारी वखारीत समितीची बैठक झाली. नवा मास्तर आणायच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. मामा कोपऱ्यात होते. उठले आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, “नव्या जाग्यार गेल्यार आदी पोरांका ती जागा नुसती चलान बघूक सांगा. माका तां सुचूक नाय.” चप्पल घालून ते निघून गेले. ओरोसला मी जे पाहिलं होतं, ते त्या बैठकीत फक्त मलाच ठाऊक होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. मामा वारून आता बरीच वर्षं झाली. त्या वर केलेल्या हाताची मला अजून लाज वाटते.