काकांची तारीख

काकांची होडी वादळात उलटली तेव्हा मी अंधेरीतल्या एका कंपनीत नोकरी करत होते. ऑनलाइन भरायचे चार-पाच पानांचे फॉर्म असतात ना, त्यांच्यामागचा जावा कोड मी लिहायचे. एकेका पानाची उत्तरं सर्व्हरवर धरून ठेवायची, तपासायची, काही राहिलं असेल तर तेच पान परत पाठवायचं. भरणारा फार वेळ गप्प बसला तर तो निघून गेला असं समजायचं आणि त्याची उत्तरं पुसून टाकायची.

आमचं घर मढच्या कोळीवाड्यात, काकांचं शेजारीच. बरोबरच्या खलाशांना दुसऱ्या बोटीने उचलून आणलं. काका सापडले नाहीत. त्यानंतर काकी रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची. कोणी हाक मारली तर म्हणायची, "वाळत घातलेले बोंबील काढायला आले." हातात टोपली नसायची.

होळी झाल्यावर वडील मला म्हणाले, "विम्याचं तू बघ गं. तुला त्यातलं कळतं."

रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन मी काकीकडे गेले. पहिलं पान सोपं होतं. नाव, पत्ता, होडीचा नंबर. दुसऱ्या पानावर सगळ्यात वर होतं, 'मृत्यूची तारीख'. मी काही बोलायच्या आत काकीने चष्मा लावून ते वाचलं होतं.

"ते सोड. पुढे जा."

मी तसंच पुढे गेले. तेच पान परत आलं, खाली लाल अक्षरांत, 'ही माहिती आवश्यक आहे.'

"त्यांना सांग ना, माहीत नाय म्हणून."

"तिथे माणूस नसतो काकी. सांगू कोणाला?"

"मग हे लिहिलंय कोणी?"

"माझ्यासारखंच कोणीतरी."

ती गप्प झाली. मीही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "जाताना बोलला, मोठा पापलेट गावला तर विकायचा नाय, घरी खायचा." आणि पुन्हा गप्प. मी सहज बटण दाबलं, तर वेळ संपली होती. पुन्हा सुरुवातीपासून भरा, असं आलं.

"सगळं गेलं?"

"हो."

"बरं झालं," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

सोमवारी ऑफिसात मी हे माझ्या सिनियरला सांगितलं. तो म्हणाला, "अर्धवट फॉर्म डेटाबेसमध्ये ठेवूया, कधीही येऊन पुढे भरू दे. आणि तारखेला 'नक्की माहीत नाही' असा पर्याय दे." आमच्या फॉर्ममध्ये ते झालं. काकीचा फॉर्म आमचा नव्हता. तिथे काही बदललं नाही.

पुढे पोलिसांचे कागद आले. त्यांत एक तारीख होती. काकी पाकीट घेऊन स्वतःच आमच्याकडे आली आणि माझ्या शेजारी बसली.

"लिही, बाय."

मी तारीख टाकली. पुढचं पान लगेच उघडलं.

"एवढंच होतं?" काकीने विचारलं.

मी मान हलवली. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि रडू लागली. इतक्या महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आईने तिला आत नेलं. उरलेली पानं मी एकटीनेच भरली. बाहेरून वडिलांनी विचारलं, "झालं का गं?" मला पटकन हो म्हणवेना.