डोळे आले, म्हणून सेवाग्राम

सेवाग्रामला जायचे पुष्कळ वर्षांपासून मनात होते, पण निघालो ते सुमनच्या डोळ्यासाठी. माझ्या पत्नीचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या आजाराने गेला. उजव्यावरच सारा संसार. यंदा श्रावणात गावात डोळ्यांची साथ आली. आधी मला, मग तिला. सकाळी तिची पापणी चिपडांनी चिकटली होती. "मले दिसून नाई राह्यलं," ती म्हणाली, तेव्हा मी लगेच पिशवी भरली.

आष्टीहून पहिली एस.टी. धरावी, आर्वीला गाडी बदलते. रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी हिरवीगार. पुढच्या बाकावरचा एकजण ओरडला, "तिच्याकडं पाहू नका, पाह्यलं का डोळे येते!"

पदराआडून सुमन म्हणाली, "भाऊ, मी एकाच डोळ्यानं पाहून राह्यली. तुमाले अर्धेच येतीन."

सारी गाडी हसली. मी खिडकीकडे तोंड करून नाम घेत होतो.

वर्ध्याच्या स्टँडवर गरम आलुबोंडा खाल्ला. तिथून सेवाग्राम जवळच. दवाखान्यात रांग असते. भाकर सोबत न्यावी, निंबाखाली बसता येते.

डॉक्टरबाईंनी बॅटरीने डोळा पाहिला, बोटे मोजायला लावली. "मावशी, नजर शाबूत आहे. साथीचे डोळे आहेत, आठवड्याभरात बरे होतील. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा, टॉवेल वेगळा ठेवा. फार दुखलं किंवा पुसूनही अंधुक दिसलं, तर लगेच या. डोळ्यात काही घातलं होतं?"

"तीर्थ लावलं. हेच देतेत मंदिरात."

बाईंनी माझ्या लाल डोळ्यांकडे पाहिले. "काका, पाहिल्यानं नाही, हातानं पसरतं हे."

मी मान खाली घातली. मारुतीचे तीर्थ मीच वाटतो. ते पिऊन ओला हात गावातले सगळे डोळ्यांना लावतात; आणि मी दिवसभर डोळे चोळत होतो.

येताना आश्रमात घटकाभर बसलो. सारवलेली जमीन, शांतता. मागण्यासारखे काही उरलेच नव्हते. नुसते हात जोडले.

शनिवारी मंदिरात तीर्थ दुसऱ्याला वाटायला देऊन मी लांबच उभा राहिलो आणि तीर्थ डोळ्यांना लावू नका, असे सर्वांना सांगितले. शेजारचे किसनभाऊ म्हणाले, "काऊन गा, तीर्थावर भरोसा नाई राह्यला?"

"तीर्थावर हाय. माह्या हातावर नाई."

आठव्या दिवशी सुमनने चहाचा कप पुढे ठेवला आणि माझ्याकडे निरखून पाहिले. "अवो, दाढी नीट करत जा. गालावर पांढरे खुंट राह्यले."

त्या दिवशी ते मी तसेच राहू दिले.