चावी न दिलेली लेन्स

अख्ख्या बाजारपेठेत फोटोवाल्या काकांना ‘हलूनका’ म्हणत. चाळीस वर्षं लोकांना स्टुलावर बसवून “हलू नका” असं बजावण्यात गेली, म्हणून हे नाव पडलं. पण ज्यांनी त्यांना घरात पाहिलंय, त्यांना या नावाचं हसू यायचं. कारण हा माणूस स्वतः एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ! पेपर उभ्याने वाचायचा, चहा येरझाऱ्या घालत प्यायचा, आणि जेवताना मध्येच उठून गॅस बंद आहे का ते बघून यायचं. “पायाला भिंगरी बांधून जन्माला आलेत,” असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

गेला महिनाभर ती भिंगरी जरा जास्तच फिरत होती. काकांनी एक शब्द देऊन ठेवला होता, आणि तो पाळायची वेळ अंगावर आली होती.

शब्द बायकोच्या ताईसाठी दिलेला. आई लवकर गेली तेव्हा याच ताईने स्वतःची शाळा सोडून धाकट्या बहिणीला वाढवलं. आता ताई पंचाहत्तरीला टेकली होती, एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं, आणि ती राहत होती त्या जागेच्या मालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितली होती. “ताई आपल्याकडे येतील. पुढची खोली मी रिकामी करतो,” असं काका स्वतःच्या तोंडाने, कोणी न विचारता बोलून गेले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यामुळे शब्द आणखीच पक्का झाला, आणि काका अडकले.

कारण पुढच्या खोलीत कॅमेरा राहत होता. कॅमेरा एक, पण त्याचा लवाजमा दांडगा. तीन लेन्स, फिल्मचे दोन डबे, लाइट मीटर, दोन ट्रायपॉड, दिव्यांचे चार स्टँड, पांढऱ्या छत्र्या, गुंडाळून ठेवलेले पडदे आणि फोटो मोठे करायचं एक लोखंडी धूड, जे हलवायचं तर दोन धडधाकट माणसं लागत. कॅमेरा चौकोनी, काळा, वरून आत डोकावून बघायचा. जिथे काकांची बोटं बसत, नेमका तिथलाच रंग उडून आतला धातू दिसत होता. दुकान बंद करून सात वर्षं झाली होती, तरी दर रविवारी सकाळी काका कॅमेऱ्याला व्यायाम द्यायचे. यंत्र पडून राहिलं की आतलं तेल गोठतं, म्हणून एकेक लेन्स काढायची, तिला चावी द्यायची, ती सोडायची, परत चावी. अगदी सावकाश वेगापासून जलद वेगापर्यंत. गुडघ्यांना व्यायाम सांगितला होता डॉक्टरांनी, तो मात्र त्यांनी एक दिवस केला असेल तर खरं.

विकायचं ठरल्यावर काकांनी अट घातली. “सगळं एकत्र जाईल. ताटातूट करायची नाही.” ऐकायला किती छान! प्रत्यक्षात ही अट गिऱ्हाईक पळवायलाच होती, हे बायकोला पहिल्या दिवशी कळलं. पहिल्या गिऱ्हाइकाला काकांनी ट्रायपॉडच्या लंगड्या पायाची कहाणी पाऊण तास ऐकवली. तो बिचारा पाणीसुद्धा न पिता गेला. दुसऱ्याला कॅमेरा आपल्या हॉटेलात काचेच्या कपाटात ठेवायचा होता. त्याला काकांनी दार दाखवलं, आणि त्या वेळी बायकोही त्यांच्या बाजूने होती. पण आता बुधवार उजाडला होता. ताई शनिवारी येणार होती.

बुधवारी तिसरं गिऱ्हाईक यायचं होतं, म्हणून काकांनी रविवारचा व्यायाम त्याच दिवशी काढला.

आता या कॅमेऱ्याचा एक कायदा सांगितला पाहिजे. त्याच्या बॉडीत एक स्प्रिंग असते आणि लेन्समध्ये दुसरी. दोघींना चावी दिलेली असेल तरच लेन्स बसवायची. एकीला दिली आणि दुसरीला नाही, तर दोघी अशा एकमेकींत अडकतात की ना चावी फिरते, ना लेन्स निघते. नवशिका हमखास ही चूक करतो. काकांनी हाताखालच्या किती जणांना यावरून फैलावर घेतलं असेल, त्याची मोजदाद नाही.

गिऱ्हाईक अर्धा तास आधीच आलं. बेल वाजली तेव्हा मधली लेन्स काकांच्या हातात होती, नुकतीच सोडलेली, चावी न दिलेली. बेल परत वाजली. “अहो, दार!” आतून बायको ओरडली. काकांनी घाईने लेन्स बॉडीवर दाबली, फिरवली, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि दाराकडे धावले.

दारात तिशीची मुलगी उभी होती. बाजारातल्या मोठ्या फोटो लॅबमध्ये ती अल्बमचं काम करायची आणि अधूनमधून लॅबमालक तिला बाहेर फोटो काढायलाही पाठवायचा. “घरी मी फिल्मवर काढते, काका. न्हाणीघरातच धुते. घरचे म्हणतात, आंघोळीला शेजारी जायचं का आम्ही?” ती हसत म्हणाली. काकांना ती आवडली. याचा त्यांना रागच आला. त्यांनी लंगड्या ट्रायपॉडची कहाणी काढली, तर ही म्हणते, “त्याला मी खालून रबर लावीन.” लोखंडी धूड दाखवलं, तर म्हणते, “भावाचा टेम्पो आहे.” ताटातुटीची अट सांगितली, तर तिने मानच डोलावली. “बरोबर आहे. एवढी वर्षं एकत्र राहिलंय सगळं.” काकांच्या भात्यातले बाण संपले. ते खिडकीपाशी गेले, परत आले, खुर्ची उगाच सरकवली.

“हातात घेऊ?” तिने विचारलं.

“घ्या की.”

तिने कॅमेरा दोन्ही हातांनी उचलला, वरून आत डोकावली, आणि हलक्या हाताने चावी फिरवायला गेली. कर्र असा आवाज आला आणि चावी अर्ध्यात अडकली. पुढे नाही, मागे नाही.

काकांना त्याच क्षणी सगळं कळलं. बेल, हात, लेन्स, घाई, सगळं. आणि त्यांच्या तोंडून शब्द आले ते असे:

“अरेरे! जोर लावलात का?”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. “नाही हो काका. म्हणजे… मला नाही वाटत. लावला का मी जोर?”

इथे माणसाने काय बोलायला हवं, ते शाळेतलं पोरही सांगेल. काका गप्प बसले. वर आणखी मोठेपणा दाखवत म्हणाले, “असू दे. जुनं यंत्र आहे. होतं असं.”

“मी दुरुस्त करून देते.”

“याला दुरुस्त करणारा एकच होता. तो आता वर गेला. त्याला कुठून बोलावणार?”

ती तीन वेळा माफी मागून गेली. जिना उतरताना तिने डोळे पुसलेले बायकोने खिडकीतून पाहिले.

“बिघडला?” बायकोने विचारलं.

“बिघडला.”

“मग आता ताईला काय सांगू?”

काका पुढच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. लांब, बारीक पेचकस काढला, मागचा फिल्मचा डबा सोडवला, पाठीमागून पेचकस आत घातला आणि बरोबर त्या स्क्रूवर टेकवून उजवीकडे फिरवला. खट्. झालं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कॅमेरा वाचला होता, घरातच राहणार होता, आणि कोणी काकांना नाव ठेवू शकत नव्हतं. सापही मेला होता आणि काठीही मोडली नव्हती. खरं तर आनंदाने उडी मारायची ही वेळ.

पण एक क्लिक ऐकल्याशिवाय यंत्र बरं झालं की नाही ते कळत नाही, आणि या कॅमेऱ्याचा क्लिक म्हणजे लाकडी पेटीचं झाकण आपटावं असा. अख्ख्या घरात ऐकू जायचा. काका कॅमेरा घेऊन बसले. उठले. परत बसले. बोट बटणावर नेलं, काढलं. शेवटी राहवेना, तेव्हा खुंटीवरचा जुना कोट घेतला, कॅमेरा त्यात गुंडाळला, वर उशी दाबली आणि बटण दाबलं. ठॉक!

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली. नवरा कोटाच्या गाठोड्यावर उशी दाबून बसलाय, हे तिने नीट पाहून घेतलं.

“झाला वाटतं दुरुस्त.”

“हं.”

“कोणी बिघडवला होता?”

काकांनी उशी उचलून बाजूला ठेवली.

“चाळीस वर्षं बघतेय मी तुम्हाला,” बायको म्हणाली. “तापट आहात, हट्टी आहात, एका जागी बसत नाही. ते सगळं चालवून घेतलं. हे नाही चालवायचं मला. विकू नका हवं तर. ताईला आपण स्वयंपाकघरात झोपवू. पण ती पोर डोळे पुसत गेली, तिला खरं काय ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कॅमेरा कापडी पिशवीत घालून निघाले. लॅब दहा मिनिटांवर, पण त्यांना तास लागला. दोनदा कोपऱ्यावरून परत फिरले. एकदा उगाच औषधाच्या दुकानात शिरून वजन करून आले. तिला बाजूला बोलवायचं, हळूच सांगायचं आणि सटकायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

लॅबमध्ये पुढे काउंटर, मागे ओळीने कॉम्प्युटरचे चार पडदे. ती शेवटच्या पडद्यासमोर बसून कुणाच्या तरी आत्याच्या गालावरचा डाग पुसत होती. काकांना पाहताच ती ताडकन उठली. “काका, मी तिघांना विचारलं कालपासून. एकाने बघतो म्हटलंय.”

तेवढ्यात लॅबमालक काउंटरमागून धावत आला. “सर! तुम्ही इकडे कशाला आलात? मला कळलं सगळं. तिनेच सांगितलं काल. सर, तुमचा कॅमेरा म्हणजे काय! मी आज सकाळच्या कामावर हिच्याऐवजी दुसऱ्याला पाठवलं. म्हटलं, आधी यंत्र हाताळायला शीक.”

मुलगी खाली बघत होती. बाकीचे तिघे आपापल्या पडद्यांकडे फार लक्ष देऊन बघत होते, म्हणजे कान इकडेच होते. हळूच सांगून सटकायची सोय संपली होती. ज्या माणसाला या दुकानात सगळे ‘सर’ म्हणत, त्याला कालच्या स्वतःची किळस आली.

त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. चावी फिरवली, लेन्स काढली. लेन्सला खिशातल्या लांब पेचकसाच्या टोकाने सोडलं आणि चावी न देताच परत बॉडीवर चढवली. मग कॅमेरा लॅबमालकापुढे सरकवला.

“फिरव चावी.”

कर्र. अडकली.

“काल ही आली तेव्हा कॅमेरा असाच होता,” काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मीच अडकवला होता. हिच्या हातून काही झालं नाही. मला माहीत होतं, आणि मी हिला रडत जाऊ दिलं.”

लॅबमालक कसंबसं हसला. “होतं सर. वय झालं की…”

“वयाचा काय संबंध? खोटं बोललो मी,” काका त्याच्यावर खेकसले. “आणि उद्यापासून कामावर हिलाच पाठव.”

त्यांनी पेचकस तिच्यापुढे धरला आणि कुठे टेकवायचा, कुठे वळवायचा ते सांगितलं. पहिल्यांदा तिचा हात घसरला. दुसऱ्यांदा खट् झालं. तिने लेन्स काढून बघितली, नीट बसवली, चावी दिली. हात सरावाचा होता. मग तिने कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि पहिल्यांदा काकांच्या डोळ्यांत बघितलं.

“रात्रभर झोपले नाही मी,” ती म्हणाली. “एवढंच सांगायचं होतं, तर काल का नाही सांगितलंत?”

काकांना या पायावरून त्या पायावर व्हायचं होतं. ते तसेच ताठ उभे राहिले.

“काल तो माझ्याकडेच राहावा असं वाटत होतं.”

“आणि आज?”

“आजही वाटतंय,” काका म्हणाले. “उद्या संध्याकाळी टेम्पो घेऊन ये.”

त्यांनी कॅमेरा उचलून तिच्यापुढे केला. तिने धरला, पण ओढला नाही. काकांनी बोटं सोडेपर्यंत ती तशीच थांबली.