चाकावरच्या अक्षता

आमच्या सासूबाई, गोदूआई, घरात आलेली कुठलीही वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय वापरू देत नसत. मिक्सर, गॅसची शेगडी, माझं शिलाई मशीन, सगळ्यांवर त्यांची बोटं उमटलेली. वॉशिंग मशीनचं कपाळ कुठलं, हा प्रश्न त्यांना क्षणभर पडला होता. तो त्यांनी झाकणावर सोडवला. आयुष्य शेतात गेलेलं. विळा-कोयता पुजल्याशिवाय ज्यांनी हातात धरला नाही, त्यांना शहापूरच्या बिऱ्हाडातलं यंत्र काय वेगळं?

माझे यजमान पंढरीनाथ भातसानगरला धरणाच्या ऑफिसात होते. दोन हजार सहा साली त्यांनी जुनी गाडी घेतली, तीही अलॉय व्हीलची. खरं तर त्यांनी चाकंच घेतली होती, वर गाडी आली. रविवारी ती चाकं ज्या मायेनं पुसत, त्या मायेनं त्यांनी कधी लेकीचं नाकही पुसलं नाही.

मीही गाडी शिकले. दसऱ्याला स्वतः चालवत येते, असं मुरबाडला माहेरी फोनवर सांगून बसले. शेजारच्यांनाही निरोप द्यायला लावला. आणि त्याच आठवड्यात बाजारातल्या नव्या फुटपाथला गाडी लावली. म्हणजे घासली.

भाजीवाली म्हणाली, "ओ बाई, चाक हाय ते. काकडीवानी सोलता काय?"

घरी हे चाकापुढं उकिडवे बसले. ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "होतं तसं करून दे. तोवर चावी माझ्याकडं."

खंडेनवमीला सकाळीच मी पदर खोचला. चाक साबणानं धुतलं. ओरखडे पॉलिश पेपरनं घासले, पुट्टी भरली, वाळल्यावर पुन्हा घासून गुळगुळीत केली. टायरवर रंग उडू नये म्हणून फटीत नणंदेच्या, हर्षालीच्या, लग्नाच्या उरलेल्या पत्रिका खोचल्या. इथवर मी स्वतःवर भलतीच खूश होते.

राहिला रुपेरी स्प्रे. हार्डवेअरवाल्यानं बजावलं होतं, "ताई, पातळ हात मारा. तो सुकला की मग दुसरा." पण पातळ मला काही जमत नाही. माझी आमटी दाट, चटणी दाट, बोलणंही दाट. मी सगळा डबा एका दमात संपवला आणि भात बघायला आत गेले.

परत आले तर गोदूआई पूजेचं ताट घेऊन उठत होत्या. ओल्या रंगात हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूची पाकळी पक्की बसली होती. शेजारी त्यांची बोटंही.

"आई! रंग ओला होता!"

"मग बरंच झालं गो. कोरड्यावर अक्षता राहतच नाय."

मी थिनरचं फडकं आणलं. त्यांनी मनगट धरलं. "पुजलेलं पुसतेस? खुळी का काय?"

तेवढ्यात हे बाहेर आले. चाकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी पदर सोडून नीट केला. ह्यांनी नखानं एक तांदूळ उचकटायला हात पुढं केला.

"हात नको लावू, पंढरी," आई म्हणाल्या. "पूजा हाय ती. आणि मला सांग, घासलेलं कुठं दिसतं काय?"

हे वाकले. अलीकडून बघितलं, पलीकडून बघितलं. घासलेलं खरंच दिसत नव्हतं. हळदीखाली काय दिसणार?

"नाही," हे कसंबसं म्हणाले.

"मग चावी दे रंजनाला. उद्या मी पण जाते मुरबाडला."

दुसऱ्या दिवशी मुरबाडपर्यंत मी गाडी नेली. बैलगाड्यासुद्धा आमच्या पुढं गेल्या, हे सांगायला नको. माहेरच्या दारात सगळी आळी जमली होती. भावानं ओट्याला नवी दगडी पायरी केली होती. ती बघूनच मला बाजारातला फुटपाथ आठवला. चाक वाचवायला मी गाडी चांगलीच लांब थांबवली.

शेजारी बसलेल्या आईंनी गाडीचं दार उघडलं, घराकडं पाहिलं आणि दार पुन्हा लावून घेतलं.

"रंजना, इथून रिक्षा मिळंल का गो?"