राणीसाहेबांची चाल

माझी धाकटी जाऊ कपबशांच्या कारखान्यात कामाला होती. मीही तिथंच, पण मी भाजलेले कप गवतात गुंडाळायची. ती कच्चे वाहायची. कच्चा कप म्हणजे नुसती वाळलेली माती. जरा हिसका बसला की तडा गेलाच. साच्यांच्या शेडपासून भट्टीपर्यंत मोठं दगडी अंगण, तिथं गाडा चालेना. म्हणून ही बाई कपांनी भरलेली फळी खांद्यावर घेऊन यायची, जणू झोपलेलं मूल दुसऱ्या खोलीत न्यायचंय. अंगावर पांढरी माती उडालेली, पावलांचा आवाज नाही. सकाळच्या धुरकट उजेडात मला वाटायचं, बाई कप नेत नाहीच, कपच तिला तरंगत घेऊन चाललेत.

"राणीसाहेब निघाल्या, वाट सोडा!" भट्टीवाला ओरडायचा.

"तू आधी तोंड पूस, मग सलाम ठोक," ती फळी न हलवता म्हणायची.

पण एकटी राणी किती वाहणार? इकडे फळ्यांचा ढीग, तिकडे भट्टी वाट बघत रिकामी. मग एक इंजिनीयर पोरगी आली. तिनं अंगणावरून, डोक्याच्याही वर, एक फिरती साखळी बसवली आणि तिला पाळणे टांगले. आता कप पाळण्यात बसून जाणार. भट्टीपाशी ते उतरवायला एकच माणूस पुरणार होतं.

ती जागा जाऊला हवी होती. पण तिचा गुडघा कामातून गेलेला, आणि हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. घरी तेल चोळताना म्हणायची, "जाऊबाई, लंगडीला कोण ठेवतंय?"

पोरगी तिला म्हणाली, "मावशी, फळी घेऊन एकदा चालून दाखवा. साखळीचा वेग तुमच्या चालीवर लावते."

आणि आमची राणी घोड्यावर बसल्यागत सुटली! दात आवळून, मान ताठ. साखळी तशीच लागली. पहिल्याच फेरीला वळणावर पाळणे असे झुलले की भट्टीपाशी कपांऐवजी खापऱ्या उतरल्या.

पोरगी खाली बसून तुकडे वेचू लागली. "माझंच काहीतरी चुकलं," म्हणाली. डोळे भरलेले.

जाऊनं माझ्याकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची खरी गं, पण त्या मुठीत लेकराचा गळा सापडलाय."

तिनं फळी उचलली. "पोरी, मघाशी चालली ती मी नव्हे. ही बघ."

ती चालली. एक पाय अलगद, मग जरासं थबकणं, मग दुसरा. लंगडत होती, पण फळी भरल्या हौदातल्या पाण्यासारखी निवांत. भट्टीवाल्यानं तोंड पुसलं आणि वाट सोडली.

"गुडघा कधीपासून दुखतोय?" पोरगीनं विचारलं.

"तू शाळेत होतीस तेव्हापासून."

पोरगीनं वेग उतरवला आणि पाळणे वाढवले. हळू चालले तरी ओळ तुटायची नाही. मग कुठूनसं एक स्टूल आणून भट्टीपाशी ठेवलं. "मावशी, कप बसूनही उतरवता येतात."

त्याला वर्षं झाली; जाऊ कधीचीच थकून घरी बसलीय. मी अजून त्या वाटेनं जाते, तेव्हा फाटकातून बघत उभी राहते. पांढरे कप डोक्यावरून चाललेले असतात, कुणी झोपेत चालावं तसे, तिच्याच चालीनं.

एकदा तिला म्हटलं, "तू अजून चालतेस गं तिथं."

गुडघ्यावर हात फिरवत ती म्हणाली, "तरीच! संध्याकाळी उगाच ठणकत नाही."